मालकीचे, ताब्यातले, वापरातले

“तुम्ही तर तिथले नागरिक! तुम्हाला कसले आलेत कागद?”

मे २०२४ मध्ये मी अमेरिकेतले पंचवीस वर्षांचे बिऱ्हाड मोडून कॅनडात राहायला गेलो. त्याआधीच्या सहा महिन्यांत हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले, की शेवटी शेवटी ते मला आशीर्वादासारखे वाटू लागले. म्हणजे ऐकून घ्यायचे, मान लववायची, आणि त्यावर विसंबून मात्र राहायचे नाही.

बरे, जायचे तरी किती लांब? डेट्रॉईट आणि विंडसर ही दोन गावे एकाच नदीच्या दोन काठांवर आहेत. इकडच्या काठावर उभे राहिले तर तिकडच्या इमारतींच्या खिडक्या दिसतात. १९२९ साली बांधलेला अँबेसिडर पूल आहे. १९३० पासून नदीखालून बोगदा आहे. शिवाय मौज अशी, की नकाशात कॅनडा अमेरिकेच्या डोक्यावर बसलेला असला तरी या ठिकाणी नदीने असे काही वळण घेतले आहे, की डेट्रॉईटहून कॅनडात जायला दक्षिणेकडे तोंड करावे लागते. माझी मुलगी विंडसरला असते. ती म्हणाली, “बाबा, कऱ्हाडला आपण कोयनेच्या पुलावरून पलीकडे जायचो ना, तसं यायचं. एवढा काय विचार करताय?”

कोयनेच्या पुलावर मला ‘या पातेल्याची किंमत किती?’ असे आजवर कोणी विचारले नव्हते, एवढाच काय तो फरक.

मी मूळचा कऱ्हाडचा. १९८८ साली टोरांटोच्या विमानतळावर उतरलो तेव्हा माझ्याजवळ दोन बॅगा होत्या, आणि आठ ओळींची एक यादी. त्या देशात वसायला येणाऱ्याने आपल्या सामानाची यादी उतरल्याबरोबर द्यायची असते. माझ्या यादीतली शेवटची ओळ ‘प्रेशर कुकर, १’ अशी होती. पुढच्या वर्षी ही आली. १९९० मध्ये मुलगी झाली, आणि १९९३ मध्ये मी कॅनडाचा नागरिक झालो. एका मोठ्या दालनात पन्नाससाठ जणांनी उजवा हात वर करून एलिझाबेथ राणीशी निष्ठेची शपथ घेतली. ही मुलीला मांडीवर घेऊन मागच्या रांगेत बसली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, “झालात राणीचे? आता चला, दूध संपलंय.”

तिने स्वतः अर्ज केला नाही. भारताचा कायदा एका माणसाला दोन नागरिकत्वे ठेवू देत नाही. एक घ्यायचे तर दुसरे सोडावे लागते. मी सोडले. तिने नाही सोडले. मी पुष्कळ समजावले. आपल्याला नोकरीनिमित्त फिरावे लागेल, तुझ्या पासपोर्टावर दर ठिकाणी व्हिसा लागेल, रांगा लागतील. तिने भाजी निवडता निवडता ऐकून घेतले आणि म्हणाली, “लग्नात नाव बदललं, आडनाव बदललं. मग गाव बदललं, मग देश बदलला. एवढं एक पुस्तक राहू दे की माझं.”

त्या पुस्तकापायी तिने सोसलेही. १९९९ मध्ये मला मिशिगनमध्ये नोकरी लागली. मोटारीची सीट ज्या पट्टीवर पुढेमागे सरकते ती पट्टी बनवणाऱ्या कारखान्यात. १९९४ पासून अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यात जो व्यापाराचा करार होता, त्यात कॅनडाच्या इंजिनियराला अमेरिकेत कामाचा परवाना थेट सरहद्दीवरच मिळण्याची सोय होती. मी नोकरीचे पत्र आणि पदवीचा दाखला घेऊन पुलावर गेलो, आणि तासाभरात परवाना घेऊन बाहेर आलो. हिला मात्र आधी वकिलातीत जाऊन व्हिसा घ्यावा लागला. पुढे आम्हा दोघांना ग्रीन कार्ड मिळेपर्यंत दर वेळी मला दोन प्रश्न आणि तिला दहा. ती शांतपणे उत्तरे देई. मीच बाजूला उभा राहून चुळबुळ करीत असे.

२०२१ मध्ये ती गेली. घर मोठे होते, आणि मी एकटा. तीन वर्षे तसाच राहिलो. मग मुलीने आणि जावयाने तळमजल्यावरची खोली रंगवून घेतली, आणि मला फोटो पाठवला. फोटोखाली काही लिहिले नव्हते.

तर कागदांची गोष्ट. कॅनडाच्या १९८२ च्या अधिकारपत्रात सहावे कलम आहे. प्रत्येक नागरिकाला देशात यायचा, राहायचा आणि देश सोडून जायचा हक्क आहे, असे ते कलम सांगते. वाचून छाती फुगते. म्हणजे मी पुलावर जाऊन ‘आलो’ म्हटले, की मला परत पाठवायचा अधिकार कोणालाही नाही. पण हे कलम माणसापुरते आहे. माझ्या चमच्यांना, पातेल्यांना, पलंगाला नागरिकत्व नाही. ते परदेशी. त्यांना जकातीच्या दारातूनच यावे लागते.

परत राहायला येणाऱ्या नागरिकाला घरसामान जकात न भरता आणता येते. त्याला अट एक. ती वस्तू परत येण्याआधी परदेशात त्याच्या मालकीची, त्याच्या ताब्यातली आणि त्याच्या वापरातली असली पाहिजे. तिन्ही हवे, दोन असून भागत नाही. पाच वर्षांहून कमी काळ बाहेर राहिलेल्या माणसाला त्यावर सहा महिन्यांच्या वापराचीही अट असते. माझ्यासारख्या जुन्या पाप्याला ती माफ. शिवाय कोणतीही एक वस्तू दहा हजार डॉलरांहून अधिक मोलाची असली, तर वरच्या रकमेवर कर. माझ्याकडे तशी वस्तू नव्हती. त्यामुळे त्या कलमाने मला एक प्रकारचे समाधानच दिले.

यादी दोन प्रतींत करायची. सोबत काय आणले ते वेगळे, मागाहून ट्रकने काय येणार ते वेगळे. पहिल्या दिवशी जे यादीत नाही ते नंतर आणले, तर त्याच्यावर जकात बसू शकते. म्हणून विसरायची सोय नाही. प्रत्येक वस्तूपुढे किंमत लिहायची, आणि जमेल तिथे बनवणाऱ्याचे नाव, मॉडेल आणि अनुक्रमांक.

टेबल, खुर्च्या, टेलिव्हिजन यांचे सोपे असते. किंबहुना तेवढ्याचसाठी बनवल्यासारख्या त्या वस्तू असतात. पालथ्या घातल्या की खाली नंबर सापडतो. त्यातले बहुतेक मी अंगणात मांडून शनिवार-रविवारी विकूनही टाकले. माझे घोडे अडले स्वयंपाकघरात. ‘पुरणयंत्र, पितळी, १’ अशी ओळ मी लिहिली. बनवणारा? माहीत नाही. मॉडेल? माहीत नाही. अनुक्रमांक? मी यंत्र उजेडात फिरवून पाहिले. कडेवर ठिपक्याठिपक्यांची अक्षरे होती. हिचे नाव, आणि पुढे ‘हिस आईकडून, १९८५’. आमच्या लग्नाचे वर्ष. कासाराच्या दुकानात बसून सासूबाईंनी घालून घेतलेले नाव. मी थोडा विचार केला आणि अनुक्रमांकाच्या रकान्यात १९८५ लिहिले.

मंगळसूत्राचे आणखी निराळे. दागिन्यांचे वर्णन शब्दांत नीट होत नाही हे जकातखात्यालाही कळते. म्हणून त्यांची सूचना अशी, की विम्याच्या पॉलिसीत किंवा सराफाच्या मूल्यांकनात जे शब्द असतील तेच यादीत घालावेत, आणि सोबत सराफाने तारीख घालून सही केलेले फोटो जोडावेत. मी एका अमेरिकन जवाहिऱ्याकडे गेलो. म्हातारा होता, प्रामाणिक होता. त्याने डोळ्याला भिंग लावून पुष्कळ वेळ पाहिले आणि लिहिले: बावीस कॅरट सोने, काळे मणी, दोन पोकळ अर्धगोल. मग भिंग काढून म्हणाला, “हे दोन अर्धगोल एका जोडीचे नाहीत. एकाची घडण वेगळी आहे. बदललेला आहे का?”

मी म्हटले, “नाही. एक तिच्या आईवडिलांनी दिलेला, एक माझ्या. आमच्याकडे तसेच असते.”

“मग जोडी नाही म्हणून किंमत कमी धरू का?”

“धरा,” मी म्हटले. करायचे काय!

हे सगळे होत असताना मी हिच्या कपाटाकडे जायचे टाळत होतो. शेवटी एप्रिलच्या एका रविवारी मुलगी पलीकडून आली आणि आम्ही दोघांनी मिळून कपाट उघडले. साड्या एक्केचाळीस निघाल्या. दोन इरकली, एक नारायणपेठ, लग्नातला शालू, एक पैठणी, आणि बाकीच्या रोजच्या, मंडळाच्या कार्यक्रमांच्या, कोणाकोणाच्या बारशा-मुंजीत मिळालेल्या. मुलगी घड्या मोजत होती आणि मी लिहीत होतो.

किंमत काय लिहायची? पैठणीची खरी किंमत हिने मला कधी सांगितली नव्हती. जी सांगितली होती ती लिहावी, तर कॅनडा सरकारची फसवणूक होईल अशी मला दाट शंका होती. मुलगी म्हणाली, “आईनं तुम्हाला सांगितली त्याच्या तिप्पट लिहा.” म्हणजे तिला माहीत होती!

पण खरी पंचाईत किमतीची नव्हती. ती त्या तीन शब्दांची होती. मालकीच्या? तिच्यामागे माझ्याच. ताब्यातल्या? हो, कपाटाची किल्ली माझ्याकडे. वापरातल्या? इथे माझी लेखणी थांबली. चाळीस वर्षे मी कारखान्यात तपासणीच्या कागदांवर सह्या केल्या आहेत. जे मोजलेले नाही ते मोजले असे मी कधी लिहिले नाही. या साड्या वापरल्या होत्या. पण वापरणारा मी नव्हे. आणि खाली ‘वरील माहिती खरी आहे’ म्हणून सही माझी हवी.

मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही साडी नेसत नाही हे त्यांनाही कळेल हो.”

“कळेल. पण कलमात काय लिहिलंय?”

तिने हात जोडले. मी रकान्याखाली बारीक अक्षरांत टीप घातली: ‘वापर: पत्नीचा. पत्नी २०२१ मध्ये निवर्तली.’ मग तिचा मृत्यूचा दाखला, लग्नाचे प्रतिज्ञापत्र आणि तिच्या जुन्या भारतीय पासपोर्टाची प्रत अशी तीन कागदांची वेगळी फाईल केली. ग्रीन कार्डाच्या वेळी या प्रतिज्ञापत्राने आम्हाला फार छळले होते. आमच्या लग्नाची नोंदणी झाली नव्हती. लग्नपत्रिकेवर तिचे माहेरचे नाव, पासपोर्टावर सासरचे. आपल्याकडे मुलगी बोहल्यावरून उतरताना तिचे पहिले नावसुद्धा बदलू शकते, हे इंग्रजीत समजावून सांगणे सोपे नाही. ऐकणारा मनातून समजतो, की आधीची बायको कुठे तरी आहे.

मोटारीबद्दल थोडक्यात सांगतो, नाही तर ती एकटीच सारा लेख खाईल. अमेरिकेतून मोटार बाहेर न्यायची तर तिच्या मालकीचा मूळ कागद निदान बहात्तर तास आधी अमेरिकन कस्टम्सच्या निर्यात कचेरीत दाखवावा लागतो, आणि निर्यातीची नोंद आधी संगणकावर होऊन तिचा नंबर मिळावा लागतो. कॅनडाच्या बाजूला ती गाडी त्यांच्या वाहतूक खात्याच्या स्वीकार्य यादीत असावी लागते. कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावलेले काही शिल्लक नाही, असे कंपनीचे पत्र लागते, आणि आत आल्यावर पंचेचाळीस दिवसांत तपासणी करून घ्यावी लागते. हे सगळे मी केले. फक्त एकदा हसू आले. माझ्या नोकरीच्या काळात मोटारीचे सुटे भाग गाडीत बसण्याआधी याच नदीवरून अनेकदा इकडून तिकडे, तिकडून इकडे होत. आमच्या पट्ट्यांचे ट्रक तर रोज जात. त्यांतल्या एकाही पट्टीला कोणी विचारले नाही, की बाई तू कोणाच्या मालकीची, कोणाच्या वापरातली. त्या नव्या होत्या, व्यापाराच्या होत्या. वापरलेली वस्तू आणि वापरलेला माणूस, यांचेच कागद फार.

जायचा दिवस उजाडला. मुलगी सोबतीला आली होती. मागच्या सीटवर साड्यांच्या दोन बॅगा, डब्यात पुरणयंत्र, आणि मांडीवर नऊ पानांची यादी. १९८८ च्या आठ ओळींची आता नऊ पाने झाली होती. गाडी पुलाच्या मध्यावर आली तेव्हा दोन्ही देशांचे झेंडे दिसले. मी काही तरी म्हणणार होतो, पण पुढे ट्रक थांबला आणि मागच्याने भोंगा वाजवला.

पहिल्या खिडकीतल्या माणसाने विचारले, “नागरिकत्व?”

“कॅनडियन.”

“बाहेर किती दिवस होता?”

“पंचवीस वर्षे.”

त्याने मान वर करून पाहिले. “काय आणलंय?”

“घर,” मी म्हणालो. मुलीने कोपराने ढोसले. “म्हणजे घरसामान. राहायला आलोय.”

त्याने पिवळा कागद दिला आणि आत पाठवले. आतली अधिकारी तिशीतली एक बाई होती. तिने पासपोर्ट पाहिला. मी उत्साहाने माझे १९९३ चे नागरिकत्वाचे छोटे कार्डही पुढे केले. तशी कार्डे द्यायचे त्यांनी २०१२ पासून बंद केले आहे. आता मोठा कागद देतात. त्या कार्डावरच्या फोटोत मला भरपूर केस आहेत. तिने फोटोकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि सभ्यपणे कार्ड परत दिले.

मग यादी. ती एकेका ओळीवरून पेन्सिल फिरवत होती. पहिली पेन्सिल थांबली ती पुरणयंत्रावर.

“हे यंत्र कसलं? मोटर आहे?”

“नाही. हात आहे.” मी हाताने फिरवून दाखवले. “डाळ वाटायला. गोड पोळीत भरायची डाळ.”

“अनुक्रमांक एकोणीसशे पंच्याऐंशी?”

“हो,” मी म्हटले. मुलगी खिडकीबाहेर पाहू लागली.

दुसऱ्यांदा पेन्सिल थांबली ती साड्यांवर. तिने खालची टीप वाचली. मी लगेच फाईल पुढे सरकवली आणि घोकून ठेवलेले सगळे भाषण सुरू केले. मालकी आता माझी, ताबा माझा, वापर मात्र माझा नव्हे. त्यामुळे कलमाच्या शब्दाप्रमाणे पाहिले तर... तिने मला मध्येच थांबवले.

“वारसा म्हणूनही आणता येतात. त्याचं कलम वेगळं आहे. मग मृत्युपत्राची किंवा मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडायची.”

“दाखला आहे माझ्याकडे.”

तिने दाखला हातात घेतला. वाचला. खालचा पासपोर्टही पाहिला. ते निळे पुस्तक आणि माझे निळे पुस्तक, दोन्ही तिच्या टेबलावर शेजारी शेजारी होती. मला वाटले, आता प्रश्न येणार. नवरा कॅनडाचा आणि बायको भारताची, हे कसे? हिला या प्रश्नाची सवय होती, मला नव्हती.

तिने विचारले ते वेगळेच. “तुम्ही एका घरात राहत होतात ना?”

“छत्तीस वर्षे संसार झाला.”

“मग हे घरसामान आहे,” ती म्हणाली, आणि शिक्का मारला. एक्केचाळीस साड्यांवर एकच शिक्का. पुढची पाच पाने तिने मिनिटभरात उलटली. फॉर्मवर माझी सही घेतली, एक प्रत मला दिली. मंगळसूत्राचा सहीचा फोटो तिने पाहिलासुद्धा नाही.

उठता उठता तिने एक बजावले. यातली कोणतीही वस्तू एक वर्षाच्या आत विकली किंवा कोणाला देऊन टाकली, तर तिच्यावरची जकात भरावी लागेल. “कोणालाही?” मी विचारले. “कोणालाही,” ती म्हणाली, आणि दुसऱ्याला हाक मारली.

पुढचे कागद तसे नरम होते. आय-४०७ नावाचा फॉर्म भरून मी ग्रीन कार्ड विंडसरच्या पोस्टातून अमेरिकन सरकारला परत पाठवले. ज्यासाठी सात वर्षे वाट पाहिली होती ते एका लिफाफ्यात गेले. त्याच्या मागोमाग करखात्याचा ८८५४ क्रमांकाचा फॉर्म. जितकी वर्षे त्या देशात काढली तितका निरोपही लांबतो. इकडे आरोग्याच्या कार्डासाठी राहत्या पत्त्याचा पुरावा हवा होता. घर मुलीचे, भाडेपत्र नाही. बँकेचे पत्रक यायला महिना. मग कोणी तरी शहाणपण सुचवले, की आधी मोटारीचा परवाना बदलून घ्या. मिशिगनचा परवाना दिला, पासपोर्ट दाखवला, आणि दोन वर्षांहून अधिक काळ गाडी चालवत असल्याने परीक्षा न देता ओंटारिओचा मिळाला. त्यावर मुलीचा पत्ता छापलेला. तोच पुरावा. सोशल इन्शुरन्सचा माझा १९८८ चा नंबर तर अजून जिवंत होता. मी तो पाठ म्हणून दाखवला तेव्हा कारकुनालाच माझ्याहून अधिक आनंद झाला.

वृद्धांच्या पेन्शनचे गणित मला फार आवडले. वयाच्या अठराव्या वर्षानंतर चाळीस वर्षे कॅनडात काढली तर पूर्ण पेन्शन. किमान दहा हवीत. माझी अकरा भरली, १९८८ ते १९९९. म्हणून मला चाळिसातले अकरा भाग मिळतात. बाकीचे कुठे गेले असे कोणी विचारत नाही. पण कऱ्हाडचे काही, मिशिगनचे काही, असा हिशेब दर महिन्याला बँकेचे पत्रक आले की मी मनातल्या मनात करतो.

राहता राहिली साड्यांची गोष्ट. त्या माझ्या खोलीतल्या कपाटात लावल्या. २०२४ च्या दिवाळीत पाडव्याच्या सकाळी मुलगी खाली आली आणि म्हणाली, “बाबा, आईची पैठणी मला द्या ना.”

“देता येणार नाही,” मी म्हटले.

“म्हणजे?”

मी फॉर्मची प्रत काढली आणि अट दाखवली. मेपर्यंत देऊन टाकता येत नाही. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. अगदी हिच्यासारखी. “खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर साडी गेली तर कॅनडा सरकार जकात घेणार?”

“सही माझी आहे.”

“बरं. मग नेसायला द्या. देऊन टाकू नका.”

हे कायद्यात बसत होते. दिली. ओवाळताना तिने पदर सावरला तेव्हा नातू म्हणाला, “आजीची साडी.” तो पाच वर्षांचा, ती गेली तेव्हा दोनचा होता. त्याने ती फोटोतच पाहिली असणार. रात्री मुलीने साडीची घडी घालून ती माझ्या हातात आणून दिली आणि म्हणाली, “घ्या. परत. पावती देता?”

मे २०२५ मध्ये वर्ष पुरे झाले. मी तारीख लिहूनच ठेवली होती. त्या दिवशी सकाळी मी सगळ्या एक्केचाळीस साड्या पलंगावर काढून ठेवल्या आणि तिला हाक मारली. म्हटले, “मोकळ्या झाल्या. घेऊन जा वर.”

तिने पैठणी उचलली, परत खाली ठेवली. मग एकेक करून सगळ्या पुन्हा कपाटात लावल्या, पहिल्याच क्रमाने.

“इथंच राहू देत, बाबा,” ती म्हणाली. “हवी असली की मी मागायला येईन.”